शंभर टक्के

“चाळीस फॉर्म, त्यातले एकोणीस अर्धवट,” तपासनीस बाई म्हणाल्या. “याला काय म्हणायचं, डॉक्टर?”

समोर बसलेला सर्जन दोन नंबर युनिटचा. पाठीमागे सगळं हॉस्पिटल त्याला खडूस म्हणायचं. पायाचं हाड मोडून कातडीबाहेर आलं की काय करायचं, याचे नियम भिंतीवर लावलेले होते. तासाभरात अँटिबायोटिक. जखमेचा फोटो काढून ती झाकायची, ऑपरेशनपर्यंत उघडायची नाही. जखम साफ करायला हाडाचा सर्जन आणि प्लास्टिक सर्जन, दोघंही हवेत. प्रत्येक नियमापुढे एक चौकट, चौकटीत खूण. एवढं सोपं काम. पण खडूसच्या फॉर्मवर रक्ताचे डाग, खाडाखोड आणि रिकाम्या चौकटी.

“प्लास्टिक सर्जन आलेच नाहीत त्या दिवशी,” तो म्हणाला. “तीनदा फोन केला मी.”

“नाचता येईना अंगण वाकडं! एक नंबरला बरे येतात ते?”

तो उठला आणि वॉर्डाकडे निघाला.

एक नंबर युनिट म्हणजे मोठे सर. त्यांचे फॉर्म नुसते हातात घेतले तरी बरं वाटायचं. सगळ्या खुणा एकाच निळ्या शाईत, खाली झोकदार सही, कागदाला सुरकुती नाही. शंभर टक्के. बाईंना नीटनेटकेपणाचं भारी वेड. त्यांनी शिफारस लिहून टाकली: असे पेशंट यापुढे फक्त युनिट एककडे. बारा वाजता वरिष्ठांची सहीही झाली.

दोन वाजता अपघात विभागातून फोन आला. बाईंच्या धाकट्या भावाला ट्रकनं उडवलं होतं. नडगीचं हाड बाहेर आलं होतं.

बाई धावत सुटल्या. भाऊ वायरमन, खांबावर चढून पोट भरणारा. पाय गेला तर सगळंच गेलं.

“ताई, पाय राहील ना गं?” त्यानं विचारलं.

खडूस हातमोजे चढवून आधीच तिथे उभा होता. “इंजेक्शन भरा. थिएटरला कळवा, मी दहा मिनिटांत—”

“हात लावू नका त्याला!” बाई ओरडल्या. “आजपासून हे पेशंट तुमच्याकडे नाहीत.”

“बाई, वेळ जातोय.”

“मला नियम शिकवू नका. एक नंबरला घ्या रे याला!”

खडूसनं हातमोजे काढले. “निदान जखम सारखी उघडू देऊ नका,” तो म्हणाला आणि निघून गेला. म्हणे आम्हाला सांगतोय, बाई मनात म्हणाल्या.

एक नंबरच्या वॉर्डात शिरताना त्यांनी भावाचा हात दाबला. “इथे सगळं नियमानं होतं. तू निश्चिंत राहा.”

वॉर्डचे म्हातारे कारकून लगबगीनं उठले.

“मोठे सर कुठेत?” बाईंनी विचारलं.

“सर ना? परगावी गेलेत, भाषणाला. परवा येतील.”

“मग इंजेक्शन? फोटो? प्लास्टिक सर्जनना कळवलंत?”

“होईल हो सगळं. तुम्ही तर घरच्याच.”

कारकुनांनी खण उघडला आणि गठ्ठ्यातला वरचा फॉर्म काढून टेबलावर ठेवला. सुरकुती नाही. सगळ्या चौकटींत निळ्या खुणा, खाली झोकदार सही.

“बाकी भरलेलंच असतं,” त्यांनी पेन पुढे केलं. “तुम्ही फक्त नाव घाला.”