आत हवा नाही

फांदी पुन्हा करकरली आणि गाडीचं टप बोटभर खाली बसलं.

गाडीत पद्मावतीअक्का. गाडीवर जे. पी. नगरातलं आडवं झालेलं झाड, एवढं दांडगं की शेंड्यावरचे कावळे म्हणे थेट बेंगळुरूच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला जाऊन पडले. आगीचा बंब ट्रॅफिकमध्ये. आणि अक्काचा धाकटा भाऊ रघुजी, जो झाडं कापायच्या चेनसॉचा कार्बोरेटर नुसत्या कानानं लावतो, केसभर स्क्रू फिरवून इंजिनाला सुरात आणतो, त्याचंच मशीन मिनिटभर गुरगुरून मान टाकत होतं.

मशीन बंद पडलं की आतून अक्का सुरू.

"रघ्या, साऱ्या बेंगळुरूची मशीनं बरी करतोस म्हणे! घरचंच का झोपलं?"

रघुजीनं स्क्रू सैल केला, दोरी ओढली. साखळी फांदीत चार बोटं गेली. ठप्प.

"स्वल्प आवळा, अण्णा," शेजारचा मंजुनाथ म्हणाला.

आवळला.

"सरी, बरं, आता ओढा."

ओढली. पुन्हा चार बोटं, पुन्हा ठप्प.

"काच उतरत नाही रे," अक्काचा आवाज बारीक झाला होता. "आत हवा नाही."

टप आणखी खचलं. दोरी, गुरगुर, ठप्प.

या खेपेला आतून कोणी बोललं नाही.

"अक्का?" रघुजीनं कान लावला. लांबचे हॉर्न तेवढे ऐकू आले. "अक्का, शिव्या तरी दे!"

त्यानं काचेवर थाप मारली.

आत हवा नाही. रघुजीचा हात स्क्रूवर जाता जाता थांबला आणि पेट्रोलच्या टाकीकडे वळला. त्यानं झाकण सैल केलं. सुस्स! टाकीनं असा श्वास ओढला की मंजुनाथची लुंगी त्या बाजूला फडफडली. झाकणातलं हवेचं भोक भुशानं बुजलेलं. टाकीत हवाच शिरत नव्हती, तर पेट्रोल इंजिनात चढणार कसं? मंजुनाथच्या किल्ल्यांतली पिन हिसकावून रघुजीनं भोक मोकळं केलं, स्क्रू होता तिथं आणला, दोरी ओढली.

मशीन गरजलं ते गरजतच राहिलं. फांदी सुटली. जमलेल्यांपैकी चौघांनी ती लोटली, मंजुनाथनं दार उचकटून काढलं.

आत अक्का डोळे मिटून, दोन्ही तळहातांनी कान गच्च दाबून बसलेली. तिनं एक डोळा उघडला. ओठ हलले: बंद कर ते, मेल्या!

रघुजीनं बंद केलं नाही. उलट रेस वाढवली. मशीन थांबलं असतं, तर त्याचे हुंदके साऱ्या गल्लीला ऐकू गेले असते.