चढणीचे मासे

रत्नप्रभा पदर खोचून बिल्डिंगमागच्या नदीत उतरली, तेव्हा पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत होतं. समोर सोसायटीने आपली कंपाउंडची भिंत वाचवायला उन्हाळ्यात घातलेला काँक्रीटचा बांध होता, गुडघ्याएवढा. जंगलाकडून येणारं गढूळ पाणी त्यावरून कोसळत होतं आणि खालून वीतभर मासे उड्या मारत होते. उडायचे, काँक्रीटवर आपटायचे, खाली पडायचे. परत उडायचे.

चढणीचे मासे. अंडी घालायला वर निघालेले. आणि तेही बोरीवलीत!

दुसऱ्या मजल्यावरच्या सहदेवने बांधाखाली मच्छरदाणी पसरली होती. त्याची बादली अर्धी भरली होती. एका माशाचं पोट फुटून पिवळी अंडी बादलीला चिकटली होती.

"काकू, बाजूला व्हा ना. आयतं मिळतंय, यार."

"मी पण मासे खाते रे. पण असे वाट अडवून नाही."

तिने बादली उचलली आणि बांधापलीकडे, वरच्या पाण्यात उपडी केली. सहदेव ओरडला. बाल्कन्यांमधून माणसं डोकावली.

छत्री घेऊन गुणाजी खाली आला. तिचा नवरा, सोसायटीचा चेअरमन. बांध त्यानेच उभा राहून घालून घेतला होता.

"अगो, भायर ये! लोक बघतत."

"बघूंदेत."

"बांध घातलो तो माशांका अडवूक नाय. आपली भिंत रवाक होयी ना?"

"भिंत रवतली. मधी हातभर वाट केली तर काय ती पडाची नाय."

रत्नप्रभाने काठावर उभ्या असलेल्या सुनेला हाक मारली. "श्वेता, वॉचमनच्या केबिनमागे पहार आहे. आण."

श्वेताने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली. ती धावत गेली, पहार घेऊन आली आणि जीन्स दुमडून स्वतःच पाण्यात उतरली.

पहिले घाव फुकट गेले. नुसता चुरा उडाला, रत्नप्रभाचे हात खांद्यापर्यंत झिणझिणले. मग श्वेताने मारले. मग पुन्हा रत्नप्रभाने. सहदेव मच्छरदाणी गोळा करून बाजूला उभा राहिला. शेवटी मधला एक तुकडा निखळला आणि पाणी खळाळत त्या खाचेतून उतरायला लागलं.

एक मासा खाचेपाशी आला, मागे गेला, पुन्हा आला. शेपटीचा एक फटका, आणि तो वर होता. त्याच्यामागून दुसरा. मग झुंडच.

श्वेता मोठ्याने हसली.

"आता मीटिंगीत मी काय सांगू?" गुणाजी म्हणाला.

"सांगा, चेअरमनच्या बायलेन फोडलो म्हणान."

खाच अजून अरुंद होती. मोठे मासे खालीच घुटमळत होते. रत्नप्रभाने कपाळावरचं पाणी पुसलं आणि पहार पुन्हा उचलली.