सांडलेलं पाणी

पाण्याच्या टाकीची ट्रॉली ओढताना निवृत्तीची पिकअप मागून बसायची. ट्रॉली पुढं कलायची आणि झाकणातून पाणी सांडायचं. शेवटी गाडीच्या मालकानं त्याला ट्रॉलीसकट निलंग्याला, रशीद मिस्त्रीकडं धाडलं.

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला. "मागच्या कमानपाट्यांजवळ हवेचे फुगे बसवतो. गाडी सरळ ऱ्हाईल. थेंब सांडणार न्हाई."

"मग नको, चाचा."

"का रं? असल्या दुष्काळात पाणी सांडून राहिलास, अन् वर नको म्हणतोस?"

"ओढ्याच्या उताराला नागुबाईची वस्ती हाय, चार घरांची. टाकी गावच्या विहिरीत रिकामी करायची, वाटेत थांबायला मनाई हाय. मी उताराला गाडी हळू घेतो, बाया घागरी धरून बाजूनं चालतात. दिलं तर जाब इचारतात, चाचा. सांडल्याचं कोण इचारतंय?"

मिस्त्रीनं वाकून पाट्यांवरून हात फिरवला.

"पाटे मजबूत हायत. फुग्याची गरज न्हाई म्हणून मालकाला फोन करतो."

मग तो पाना घेऊन ट्रॉलीवर चढला.

"झाकण लई घट्ट बसलंय बघ. जरा ढिलं करून देतो."