आरशात दिसलेली

कराडच्या पेठेत हेमलता कोष्टी केसांचे टोप बनवून विकायच्या. गिऱ्हाईक इतकं कमी झालं होतं की दुकान बंद करायचं मनात होतं. शेजारणीच्या मुलीकडून शिकून त्यांनी इन्स्टाग्रामवर दुकानाचा पहिला व्हिडिओ टाकला आणि दर दोन मिनिटांनी फोन उघडून पाहत राहिल्या. दुपारपर्यंत तीन हजार जणांनी तो पाहिला. लातूरहून, नाशिकहून चौकशा यायला लागल्या.

मग दुकानात टोप घालून बघायला आलेल्या केतकी या गिऱ्हाइकाचा फोन आला. "काकू, तुमच्या व्हिडिओत मागच्या आरशात मी दिसतेय. डोक्यावर एकही केस नाही. गावी सासूबाईंना कॅन्सरचं अजून सांगितलेलं नाही हो."

हेमलताबाईंनी व्हिडिओ पुन्हा लावून पाहिला. त्यांचं आरशाकडे लक्षच गेलं नव्हतं. व्हिडिओ हटवला तर आलेली गिऱ्हाइकंही जातील, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी तो काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी आरसा झाकून त्यांनी नवा व्हिडिओ केला. तो अकरा जणांनी पाहिला. हेमलताबाई दुकानात नुसत्या येरझाऱ्या घालत राहिल्या.

संध्याकाळी केतकी आली. "काकू, तुम्ही काढून टाकायच्या आधीच तो पहिला व्हिडिओ गावात पोचला होता."

"मग काय म्हणाल्या सासूबाई?"

"दवाखान्यात सोबत कोण येतं, एवढंच विचारलं. मी म्हटलं, एकटीच जाते. आज एसटीनं आल्या. बाहेर रिक्षात बसल्यात."

हेमलताबाईंनी दारातून पाहिलं. रिक्षात पायाशी वळकटी आणि मांडीवर कपड्यांची भरगच्च पिशवी घेऊन एक म्हातारी बसली होती. ती बरेच दिवस राहायला आली होती.