सुजेवरचं मीठ

होणाऱ्या सुनेला भेट द्यायची म्हणून बाईंनी सकाळपासून खपून आंघोळीच्या पाण्यात टाकायचं बरणीभर मीठ केलं. जाडं मीठ, खायचा सोडा, निलगिरीचे चार थेंब. त्यांच्या लग्नात सासूने अशीच बरणी हातात ठेवली होती. ती कशासाठी, हे त्यांना आठव्या दिवशी कळलं, नवऱ्याने त्यांचं डोकं भिंतीवर आपटलं तेव्हा. मुलगाही थेट बापाच्या वळणावर गेलेला. बाई दुसरं काय देणार?

दुपारी ती लग्न ठरलेली मुलगी आली.

"सुजेवर चांगलं असतं," बाई खाली बघत म्हणाल्या. "असू दे जवळ."

मुलीने बरणी उघडून वास घेतला आणि ती परत सरकवली. "मग ही तुमच्या मुलालाच द्या, काकू. काल त्यानं माझ्यावर हात उगारला."

इतक्यात कालपासून घरी न आलेला मुलगा दारात उभा राहिला. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला, नाकात कापसाचा बोळा.

"आई, ती बरणी दे इकडे," तो कसाबसा बोलला.



बाईंनी टबात गरम पाणी घेतलं, अख्खी बरणी त्यात उपडी केली आणि मुलीला म्हणाल्या, "ये पोरी, हात बुडव. बोटं सुजली असतील."