रोझरीचं प्रायश्चित्त

२०२२ सालच्या उपवासकाळात मी पापनिवेदनाला गेले. “तापामुळे दोन दिवस रोझरीची जपमाळ चुकली, फादर.” जाळीपलीकडे तरुण फादर ऑस्टिन हसले. “मावशी, तापातल्या माणसावर मरियामाता रागावत नाही.” “पण ते प्रायश्चित्त आहे. आपल्या चर्चच्या जुन्या मोठ्या फादरांनी दिलं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते.” “नऊ वर्षांच्या पोरीचं पाप ते काय?” “पाप काकाचं होतं. तो मला केळीच्या वाडीत न्यायचा. फादरांना सांगितलं, तर म्हणाले, गप्प राहा, रोज रोझरी म्हण.” फादर जाळीमागून उठून माझ्याशेजारी येऊन बसले. “आम्ही फादरांनी तुम्हाला फसवलं. ते प्रायश्चित्त तुमचं नव्हतंच.” साठ वर्षांनी मला मोठ्या फादरांचा राग आला. ते आणि काका मानाने मातीत गेलेले. ऑस्टिन फादरांनी माझ्यासारख्यांसाठी शनिवारी समुपदेशक बाई बोलावल्या. मी गेले, तर बाकावर माझी धाकटी बहीण माझ्याआधीच येऊन बसली होती.