दुधीची फोड

परसातला दुधी स्वयंपाकघरात जाण्याआधी सासरेबुवांनी फोड चाखायची, असा घरचा शिरस्ताच होता. कडू दुधी पोटात गेला तर जिवावर बेततं. पण तापातून उठल्यापासून त्यांच्या जिभेला चवच कळेना. सांगणार कुणाला? घरात त्यांच्या शब्दाला एवढाच काय तो मान उरला होता. नातवंडांच्या जिवाशी खेळ नको म्हणून ते प्रत्येक फोड थुंकून “कडू” म्हणत. दुधी उकिरड्यावर जाई. आज मुलगा वैतागला. “वेलच बिघडलाय, तोडूनच टाकतो!” त्यानं कोयता उचलला. “अहो, थांबा, मी चाखते,” म्हणत सुनेनं फोड तोंडात टाकली. सासरेबुवा जागचे अर्धवट उठले. चावता चावता तिनं त्यांच्याकडे पाहिलं. “बाबांचं खरंय. कडूजहर आहे.” कोयता चालला. सासरेबुवांनी वाढवलेल्या वेलानं मान टाकली. ते मात्र सुनेकडेच बघत राहिले. तिनं फोड थुंकली नव्हती, गिळली होती.